नागपुरात राहून इंडियन ओशन लाइव्ह कसं ऐकायचं, माझ्या चुकांसकट

परवा दुपारी दुकानात एक पोरगी आली, वीस-एकवीसची असेल, आणि विचारून राहिली की काकू कानात घालायचे ईअरप्लग आहे का, मी म्हटलं आहे ना, झोपायला पाहिजे का, तर म्हणे नाही, पुण्याला कॉन्सर्टला जाऊन राहिली, पहिल्यांदाच. झालं. मी स्टुलावरून उठली आणि तिला अर्धा तास सोडलंच नाही. मागे तिघं जण बीपीच्या गोळ्या घ्यायला उभे, नवरा काउंटरच्या त्या टोकावरून डोळे मोठे करून राहिला, आणि मी तिला कुठे उभं राहायचं, कोणती गाडी पकडायची, प्लग कसा पिळायचा असं सगळं सांगत सुटली. ती गेल्यावर लक्षात आलं की निम्मं तर राहूनच गेलं. तेच लिहून काढते, कोणाच्या कामी पडलं तर पडलं.

(दुकान म्हणजे आमचं मेडिकल. मेडिकल चौकातलं मेडिकल कॉलेज नाही, औषधाचं दुकान. नागपूरबाहेरचे लोक ह्यात नेहमी गोंधळतात.)

मी संगीतातली जाणकार वगैरे बिलकुल नाही. फक्त वीसेक वर्षांपासून इंडियन ओशनच्या मागे आहे. दिल्लीचा बँड, १९९० ला सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती ह्या दोघांनी सुरू केला, मग राहुल राम बेस गिटार घेऊन आला, मग अमित किलम ड्रम्सवर, आणि हे चौघं म्हणजे आमच्यासाठी खरा बँड. ज्यांना नाव माहीत नाही त्यांनी 'मसान' पाहिला असेल, त्याचं संगीत ह्यांचंच. 'ब्लॅक फ्रायडे'मधलं 'बंदे' पण ह्यांचंच. कोणी फोक-रॉक म्हणते, कोणी फ्यूजन म्हणते, मला विचाराल तर सतरंजीवर बसून ऐकायची गाणी हे लोक उभं राहून ऐकायला लावतात, बस.

आता पहिली चूक, कारण अर्धं गाइड तिच्यातूनच निघालं आहे.

भाऊ पुण्याला इंजिनिअरिंगला होता आणि मी दिवाळीनंतर त्याच्याकडे चार दिवस म्हणून गेली होती (हो, 'गेली होती', पुण्याच्या वहिनीला अजून हसू येते मी 'गेले' म्हणत नाही म्हणून, येऊ दे). तिथल्या एका कॉलेजच्या फेस्टला इंडियन ओशन येणार होते. 'कंदिसा' २००० साली आला, त्याची कॅसेट आमच्या घरी इतकी वाजली होती की पट्टी पातळ झाली होती, त्यामुळे मी काय केलं, दोन तास आधी जाऊन सगळ्यात पुढे, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीवर ठेवलेल्या त्या कपाटाएवढ्या स्पीकरच्या बरोब्बर समोर जागा पकडली आणि वरून भावाला म्हटलं बघ, कशी जागा मिळवली.

तो सगळा कार्यक्रम मी पोटात ऐकला. म्हणजे बेसचा प्रत्येक ठोका बरगड्यांवर, दात वाजून राहिले, आणि गाणं कुठे आहे तर कुठेच नाही. असीम चक्रवर्ती उभं राहून गायचा नाही, तो बसून, समोर तबला आणि बाकीचा सगळा तालवाद्यांचा पसारा मांडून, वाजवता वाजवता गायचा. स्टेज माझ्या डोक्याच्या वर, स्टेजच्या कडेला मॉनिटरचे डबे (म्हणजे वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर), बसलेला माणूस खालून दिसणार कसा? मला दिसले ते राहुल रामचे लांब केस आणि डब्यांच्या वर हलणारं असीमचं डोकं. अर्धा-पाऊण तास मी असंच समजून होती की गाणारा कोणीतरी आतल्या बाजूला उभा आहे.

मग घसा कोरडा पडला म्हणून पाणी शोधत मागे गेली, पार मागे, जिथे साउंडवाल्यांचं टेबल असते आणि त्यावर ते बटणांचं मोठ्ठं कन्सोल, आणि तिथे पाय अडखळलेच माझे. आवाज स्वच्छ. शब्द न् शब्द. गिटार वेगळी, तबला वेगळा, बेस खाली जमिनीसारखा पसरलेला, आणि त्याच्यावर असीमचा तो जाड, थोडा घोगरा, कुठूनतरी खोलातून येणारा आवाज, आणि तिथून तो दिसत पण होता, बसलेला, डोळे मिटलेले. एक पूर्ण गाणं ऐकलं आणि मी काय केलं सांगू? पुढची जागा जाईल म्हणून परत पळाली.

आजीला नंतर सांगितलं तर ती बिलकुल आश्चर्य करेना. तिने तुकडोजी महाराजांची खंजिरी समोर बसून ऐकलेली, म्हणे, "पुढं काऊन बसली बाई, खंजिरीचा दणका बसते कानात, शब्द मागच्या सतरंजीवर ऐकू येते." म्हणजे जे मला पुण्याला जाऊन, पासाचे पैसे देऊन समजलं ते आमच्या आजीला साठ वर्षांआधी माहीत होतं.

तर कुठे उभं राहायचं

कन्सोलच्या आसपास. एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे. कारण साधं आहे, आवाज मिसळणारा माणूस तिथे उभा असते आणि तो स्वतःच्या कानाला जे बरोबर वाटेल तसंच मिसळते, म्हणून त्याच्याजवळ तुम्हाला तेच ऐकू येते जे त्याने ठरवलं. अगदी पुढे गेलात तर मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागच्यांवर आवाज फेकून राहिले असतात आणि तुमच्या वाट्याला येतात स्टेजवरचे उघडे ड्रम्स, आणि जमिनीवरच्या बॉक्समधला बेस. दोन स्पीकरच्या मधोमध राहा, एका बाजूला सरकलात की एका बाजूचंच ऐकाल. भिंतीला, कोपऱ्याला टेकायचं नाही, तिथे बेस गोळा होऊन गुं-गुं करते.

पण मी असं नाही म्हणत की पुढे जाऊच नका. चेहरे बघायचे असतील, त्यांचे एकमेकांना होणारे इशारे बघायचे असतील, तर दोन गाणी पुढे जाऊन या. ह्या बँडमधे ते फार असते, एक जण मान हलवते आणि सगळे वळण घेतात. बघण्यासारखं आहे. मात्र 'कंदिसा' सुरू व्हायच्या आत मागे या.

आणि एक गुपित. साउंडवाल्याला कोणीच काही देत नाही. मी पुढे एकदा मुंबईला जाताना संत्रा बर्फीचे दोन डबे नेले होते, एक नणंदेसाठी आणि एक असाच, आणि कार्यक्रमाच्या आधी त्या कन्सोलवाल्या दादाला धीर करून म्हटलं नागपूरहून आली, घ्या. त्याने मला बॅरिकेडला लागून अशी जागा दिली की काय सांगू. लाच म्हणा हवं तर. बर्फी मात्र ताजी न्या, आठ दिवस जुनी नको.

गाणी आधी ऐकून जा, पण नीट

लोक म्हणतात सरप्राइज राहू दे. राहू दे ना, पण कोणत्या गाण्यात काय आहे ते माहीत असलं की लाइव्हमधे त्याचं काय केलं ते कळते, नाही तर सगळंच सारखं वाटते. 'डेझर्ट रेन' हा १९९७ चा अल्बम ऐका, तो लाइव्हच रेकॉर्ड केलेला आहे, त्यातून समजते की हे लोक एक धून पकडून किती लांब जातात. मग 'कंदिसा' ऐका. त्या नावाचं गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना आहे. मी चारपाच वर्षं त्याला तमिळ समजत होती आणि लोकांना छातीठोक सांगत पण होती.

माझी पद्धत अशी की फोक-रॉकमधलं फोक कुठलं आहे ते शोधायचं. उदाहरणार्थ 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदा, आणि हे तिच्या काठचं लोकगीत. राहुल राम अमेरिकेत कॉर्नेलला पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी करून आलेला माणूस, तो नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होता, खोऱ्यात राहिला, तिथून हे गाणं बँडमधे आलं. आता नागपूरकराला नर्मदा काही परकी नाही, आमच्याकडून जबलपूर पावणेतीनशे किलोमीटर, अर्ध्या नागपूरने भेडाघाट पाहिला आहे आणि प्रत्येक गल्लीत एक तरी परिक्रमा केलेले काका सापडतात जे जेवताना पण परिक्रमाच सांगतात. एकदा ग्वारीघाटावर संध्याकाळच्या आरतीला बसून या आणि मग ते गाणं लाइव्ह ऐका. मी हे उलट्या क्रमाने केलं, आधी गाणं, मग घाट, आणि घाटावर बसल्यावर कळलं की बेस गिटार काय करून राहिली होती त्या गाण्यात. पाणी दिसायला हळू आहे पण खालून ओढते.

वाद्यं पण बघून ठेवा. अमित किलम ड्रम्स सोडून एक काखेत धरून वाजवायचं वाद्य काढते, तार ओढून वाजवतात, ते गबगुबी, बंगालच्या बाउल लोकांकडचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या शेजारचे पोट्टे व्वा काय यंत्र आहे करून राहिले, आणि मला वाटलं, अरे हे तर चौंडकं. आपल्याकडे जोगत्यांजवळ असते ना, अगदी त्याच्या चुलत भावासारखं. असं काही ओळखीचं सापडलं की तो कार्यक्रम तुमचा होते.

तारीख, गाडी, दुकान बंद

ह्यात आमची खरी गोची आहे, कारण आपल्याकडे असे बँड येतात कमी. म्हणून जावं लागते मुंबई-पुणे, कधी हैदराबाद. काही गोष्टी लक्षात ठेवा.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं. कार्यक्रम पुष्कळदा महिनाभर आधीच जाहीर होतात, तोवर शुक्रवारच्या गाड्या भरलेल्या. त्यामुळे तारीख कळली की आधी जायचं तिकीट काढा, मग कार्यक्रमाचं, उलटं नाही. उलटं करून मी एकदा पास हातात घेऊन घरी बसली होती. तत्काळवर भिस्त ठेवत असाल तर एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडते, गाडी निघायच्या आदल्या दिवशी, आणि ऑनलाइन काढायला आता आधार जोडलेलं अकाउंट लागते, ते आदल्या दिवशी सकाळी ९:५५ ला जोडायला बसू नका.

मुंबईसाठी दुरांतो बेस्ट, रात्री झोपा, सकाळी पोचा, दिवसभर आराम, संध्याकाळी कार्यक्रम. पुण्यासाठी अजनीहून वंदे भारत सुरू झाली खरी, पण ती सकाळी निघून रात्री पोचते, म्हणजे त्याच दिवशीचा कार्यक्रम त्यात बसत नाही, आदल्या दिवशी निघा. समृद्धी महामार्गाने मुंबईला गाडी घेऊन जाणारे पण आहेत, ७०१ किलोमीटर सरळसोट, जून २०२५ पासून शेवटचा तुकडा पण खुला झाला. जाताना ठीक. पण कार्यक्रम संपवून रात्री ११ ला स्टिअरिंगवर बसून परत यायचं, हे माझ्या नवऱ्याने एकदा सुचवलं होतं आणि मी त्याला पुढचे दोन दिवस बोलली नाही. तीन तास उभं राहून, गाऊन, घसा बसवून आलेला माणूस त्या सरळ रस्त्यावर झोपतेच. मुक्काम करा.

बायांनो, एकट्या जात असाल तर जा, बिनधास्त, पण परतीची टॅक्सी गेटसमोरून करू नका, गर्दी असते, भाडं पण तिप्पट, दहा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावरच्या एखाद्या उघड्या हॉटेलसमोरून करा. आणि शेवटच्या गाण्याच्या आधी वॉशरूमला जाऊन या, नंतरची लाइन मी पाहिली आहे.

आता दुसरी चूक. २००९ चा पावसाळा, भावाचा फोन आला, मुंबईत आहे ह्यांचा कार्यक्रम, येते का. दुकान नवीन होतं, मुलगी सव्वा वर्षाची, दात येऊन राहिले होते तिला, आणि मी म्हटलं ह्या वेळी नको रे, पुढच्या वेळी नक्की. कारणं सगळी खरी होती. पण हेही खरं की सासूबाई म्हणाल्या होत्या जा, मी सांभाळते पोरीला, आणि मीच आळस केला, एवढ्या लांब कोण जाते म्हणून.

२५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेला. मला दोन दिवसांनी कळलं, दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीच्या वर ठेवलेल्या ताज्या पेपरात. पुड्या बांधत राहिली मी.

त्याच्या नंतर २०१० ला त्यांनी एक अल्बम आणला, '१६/३३० खजूर रोड', दिल्लीत करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते रियाज करायचे त्याचा पत्ताच नाव म्हणून, आणि एकेक गाणं दर महिन्याला इंटरनेटवर फुकट दिलं. त्यात असीमचा आवाज आहे. तेव्हा आमच्याकडे इंटरनेट असं की एक गाणं उतरवायला दुकान बंद करून घरी जाऊन जेवून यावं लागायचं. ती सगळी गाणी मी तशीच जमवली. पण ते हेडफोनमधे.

म्हणून मी लोकांना सांगते की आवडता गाणारा पन्नाशीच्या पुढे असेल तर दात येणं, स्टॉक चेकिंग, लग्नसराई असली कारणं बाजूला ठेवा. सासूबाई हो म्हणाल्या तर लगेच निघा.

कान, हा आमच्या धंद्याचा विषय

८५ डेसिबल आवाज आठ तास चालते कानाला, आणि त्याच्या पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जाते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कॉन्सर्टमधे १०० सहज होते. घरी आल्यावर कानात जी शिट्टी वाजते ना, ती मजा नाही, तो कान ओरडून राहिला आहे. एक दिवसात गेली तर ठीक, दोन दिवस झाले तरी वाजतच असेल तर कान-नाक-घसावाल्याकडे जा, आमच्याकडे ड्रॉप मागायला येऊ नका, ड्रॉपने ते जात नाही.

कापसाचे बोळे बेकार. फोमचे प्लग घ्या, स्वस्त मिळतात, पण नव्वद टक्के लोक ते कानाच्या तोंडाशी बुचासारखे ठेवतात आणि म्हणतात काही फरकच नाही. पद्धत अशी: दोन बोटात पिळून पिळून वातीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा, आणि तीसेक सेकंद बोटाने धरून ठेवा, तो आत फुगते. फोमने वरचा आवाज जरा दबते, गाणं रजईखालून आल्यासारखं वाटते, त्यामुळे नेहमी जाणाऱ्यांनी म्युझिकसाठीचे वेगळे प्लग घ्यावे, ते सगळा आवाज सारखाच कमी करतात. महाग आहे थोडे, पण कानाची मशीन किती महाग आहे ते मला विचारा. लहान मुलं नेत असाल तर त्यांना हेडफोनसारखे कानावर बसणारे मफ घाला, प्लग नको.

मी पहिल्या वेळी काही घातलं नव्हतं. तीन दिवस भाऊ काय बोलून राहिला ते अर्धंच ऐकू येत होतं, अर्थात त्याचं अर्धंच ऐकण्यासारखं असते.

पोट पण सांभाळा. दुपारी तर्री पोहे हाणून संध्याकाळी गर्दीत तीन तास उभं राहायचं नाही. अनुभव आहे, तपशील विचारू नका.

नागपुरातच असेल तर

मोकळ्या ग्राउंडवर असेल तर बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारीच असते, उन्हाळ्यात ४५ डिग्रीत कोण उभं राहणार, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० च्या खाली जाते. गर्दीत गरम होते म्हणून स्वेटर घरी ठेवून जाणारे पोट्टे शेवटी कुडकुडत बाहेर पडतात. स्वेटर न्या, कमरेला बांधा.

दुसरं म्हणजे रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमाने, वर्षातले मोजके दिवस १२ पर्यंत सूट मिळते ते सोडून. ह्याचा अर्थ काय, तर सत्कार, दीपप्रज्वलन आणि भाषणं लांबली की ते गाण्यातूनच कापलं जाते. मोठी गाणी शेवटी असतात, म्हणजे कापली जाणार ती तीच. आपण काही करू शकत नाही, पण निदान भाषणं चालू आहे म्हणून उशिरा पोचू नका, कधीमधी वेळेवर पण सुरू होते आणि मग पहिली दोन गाणी गेट तपासणीच्या लाइनमधे.

हॉलमधे असेल, देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेचं सुरेश भट सभागृह, तर पुढच्या चार रांगा व्हीआयपी आणि त्यांचे नातेवाईक, त्यांचा हेवा करू नका, आवाज मधल्या आणि त्याच्या थोड्या मागच्या रांगांत चांगला बसते. वर बाल्कनी असते तिच्या खालची जागा टाळा, तिथे आवाज चेपून येते. कस्तुरचंद पार्कला असेल तर मेट्रोने जा, स्टेशन तिथेच आहे, पण शेवटची गाडी किती वाजता आहे ते जातानाच बघून ठेवा.

फोन

एक मिनिट. एका गाण्याचं एक मिनिट घ्या आणि खिशात टाका. फोनचा माइक एवढ्या बेसला झेपतच नाही, घरी येऊन ऐकाल तर फुटकं पिंप. माझ्याकडे २०१५-१६ चे अकरा व्हिडिओ आहे, एकही पूर्ण बघितला नाही. त्यात दिसते काय तर लोकांचे फोन.

तो मुंबईचा कार्यक्रम, बर्फीवाला. तेव्हापर्यंत बँड बदलला होता, असीमच्या जागी हिमांशु जोशी गायला आणि तुहीन चक्रवर्ती तबल्यावर आला होता, २०१३ ला सुस्मित सेनने पण बँड सोडला होता आणि निखिल राव गिटारवर. मी थोडी फुरंगटूनच गेली होती, कारण हे काही आमचे चौघं नाही. जुन्या फॅनचं हे फार वाईट असते, तो कान घेऊन जात नाही, फूटपट्टी घेऊन जाते. पहिली तीन गाणी मी मोजतच होती, इथे असीमने असं केलं असतं, इथे सुस्मितची गिटार अशी फिरली असती. मग 'कंदिसा' लागलं आणि हजारेक लोक त्या न समजणाऱ्या भाषेत गायला लागले, माझ्या बाजूला एक साठीचे गृहस्थ, शर्ट इन केलेला, हातात टिफिनची पिशवी, बहुतेक ऑफिसातून थेट आलेले, डोळे मिटून सगळ्यात जोरात, आणि सुरात. मोजणं कधी थांबलं माहीत नाही. तर नवीन माणसांना ऐकायला जाताना फूटपट्टी घरी ठेवा, निदान तीन गाणी तरी वाया जाणार नाही तुमची.

त्यांचा २०१४ चा 'तांदानू' पण मी त्याच्यानंतरच नीट ऐकला. त्यात एकेक पाहुणे आहे, शुभा मुद्गल, शंकर महादेवन, आणि कंजिरा वाजवणारा सेल्वागणेश. कंजिरा म्हणजे दक्षिणेकडची खंजिरीच. आजी असती तर तिला ऐकवलं असतं, तिने नावं ठेवली असती, पण ऐकलं असतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री लिहा. सकाळी नाही, त्याच रात्री, लॉजच्या बेडवर, नाही तर गाडीत वरच्या बर्थवर बसून. गाण्यांची यादी इंटरनेटवर सापडू शकते, ती लिहू नका. तुम्ही कुठे उभे होते, बाजूला कोण होतं, कोणत्या क्षणी अंगावर काटा आला, कुठे कंटाळा आला, थंडी होती का, ते लिहा. मी आता एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे, तिकीट, पास, पार्किंगची पावती सगळं त्यात चिकटवते. मुंबईच्या त्या कार्यक्रमाची चार पानं भरली आहे, टिफिनवाले काका पण आहे त्यात.

पुण्याच्या पहिल्या कार्यक्रमाची वही नव्हती. एक छोटी डायरी होती, भावाच्या घरी राहिली होती, ती मागच्या वर्षी वहिनीने माळा साफ करताना काढली आणि पाठवून दिली. त्या रात्रीचं एक पान सापडलं. वर हिशेब आहे, रिक्षा ३५, वडापाव, पाण्याची बाटली १०. खाली एकच ओळ, त्याला अधोरेखित पण केलं आहे मी: तबला वाजवणाराच गातो.